तारांकित

रात्रपाळीला आम्ही दोघंच असतो,
मी आणि ऑर्विल प्रूइट,
ग्लेंडेलमध्ये, बिनखिडकीच्या तिसऱ्या मजल्यावर.
सिनेमात जे बोललं जातं
ते ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली उमटवायचं,
हा आमचा पोटाचा धंदा.
दार आपटलं की (दार आपटतं).
माणसं हसली की (हशा).

भिंतीवर नियमांचा कागद आहे, कॉफीच्या डागासकट.
त्यावर शब्दांची यादी.
वरचे शब्द तारांकित करायचे:
पहिलं अक्षर, मग चांदण्या, मग गप्प.
खालचे "विनोदाच्या ओघात चालतील".
ऑर्विलच्या लोकांना घालतात ती शिवी वर आहे.
माझ्या लोकांना घालतात ती खाली,
आणि तिच्या शेजारी बहुतेक वेळा (हशा).

एकदा मी म्हटलं, तुझ्या शब्दाला बघ,
अख्खं आभाळ पांघरायला मिळालंय.
माझा आपला भर रस्त्यात उघडा.
तो उकडलेलं अंडं सोलत होता.
म्हणाला, लिगाया,
त्या चांदण्या कुणी फुकट वाटल्या नव्हत्या.
एकेकीखाली कोण पुरलंय
ते माझ्या आत्याला नावानिशी पाठ होतं.
मग अर्धं अंडं पुढे केलं, मिठाची पुडीही.
मी घेतलं.
राग होता तेवढाच राहिला,
फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

आणि नियम सात.
नायक तोंडातल्या तोंडात पुटपुटला
तर वाक्य नीटनेटकं करून द्या.
दुकानदाराचं, वेटरचं, नखं रंगवणाऱ्या बाईचं मात्र
जसं उच्चारलं तसंच:
र-चा ल, क्रियापद बेपत्ता.
म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याचंही
कुठं हसायचं ते चुकायला नको.

परवा आला तो सिनेमा तीस वर्षांपूर्वीचा,
धुऊनपुसून नवा केलेला.
लग्नाचा गोंधळ, तीन मजली केक, तळ्यात पडणारा मेहुणा.
चाळिसाव्या मिनिटाला ट्रे घेऊन वेटर येतो
आणि माझी बोटं थांबतात.
सेंदोंग काका.

स्टॉकटनला जन्मलेला, शतावरीच्या शेतांमागे वाढलेला.
चर्चमध्ये वाचायला उभा राहिला
तर कुणी रेडिओ लावलाय असं वाटायचं.
पडद्यावर तो जीभ दुमडून बोलतो,
उसनी आणलेली बोबडी.
"अजून वाईट बोल," असं दिग्दर्शक म्हणायचा.
हे त्यानंच सांगितलेलं, एका ख्रिसमसला, पत्ते पिसताना,
दिग्दर्शकाच्या आवाजात,
आणि आम्ही सगळे लोटपोट.
त्या पैशांतून माझ्या दातांना तारा बसल्या.

मेहुणा त्याला ती शिवी देतो. (पाहुण्यांचा हशा.)
ती मी टाइप केली. खालच्या यादीतली, चालते.
पुढचं वाक्य काकाचं.
ते मी सरळ केलं.
"साहेब, आपला केक वितळतो आहे. आत नेऊन ठेवू का?"
कर्ता, कर्म, क्रियापद, इस्त्री करून आपापल्या जागी.
अशी चार वाक्यं.

मग पोलिश मोलकरीण येते,
कोबीचं भांडं, भांड्यावरून काहीतरी,
आणि मी फिस्सकन हसले.
एकटीच, कानावर हेडफोन.
तिचं जसं उच्चारलं तसंच ठेवलं.
त्या वेळी हे लक्षातही आलं नाही.

पहाटे फाइल तपासून परत आली.
तपासनीस: प्रूइट.
चार ठिकाणी लाल. "उच्चाराप्रमाणे. नियम सात. माफ कर."
कोबीपाशी लाल नव्हतं.
नुसतं एक प्रश्नचिन्ह, करड्या रंगात,
पुढे काहीच न लिहिलेलं.

पलीकडच्या टेबलावर तो कोट चढवत होता.
दोघांनीही वर पाहिलं नाही.

मी काकाची चारही वाक्यं पुन्हा मोडली,
र काढून ल, र काढून ल.
काम होईतो जीभ दातांवरून फिरत होती.
सगळे एका रेषेत आहेत.